परक्या हातचं अन्न

पासष्ट सालच्या सप्टेंबरात, पंजाबात लढाई चालू असताना, माझं पोस्टिंग श्रीवर्धनच्या उत्तरेला एका खाडीच्या तोंडावर होतं. हे सांगितलं की लोक हसतात. पासष्टची लढाई म्हटली की त्यांना रणगाडे ऐकायचे असतात आणि मी सांगतो सुपारीच्या बागा. पण हुकूम तसा होता. पलटण वर गेली. आमच्यातल्या पंधराएक जणांची एक तुकडी कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ठेवली गेली. त्या जिल्ह्याला आता रायगड म्हणतात.

काम सोपं होतं. टेकडीवर कस्टमची एक पडीक चौकी होती, तिथे राहायचं. दुर्बिणीने समुद्र बघायचा. येणारी-जाणारी प्रत्येक होडी, प्रत्येक गलबत, समुद्रावर दिसलेला प्रत्येक उजेड कंपनी हेडक्वार्टरला कळवायचा. मी तेव्हा नायक होतो आणि वायरलेस सेट माझ्याकडे होता. रोज सकाळी आणि संध्याकाळी मी तेच बोलायचो. "ऑल ओके. ओव्हर." तिकडून यायचं, "रॉजर. आउट."

ऑल ओके असलं तरी मन ओके नव्हतं. त्या दिवसांत अफवांना ऊत आला होता. रात्री छत्रीधारी उतरले, कुणी विहिरीत काही टाकलं, कोळ्याच्या वेषात हेर फिरतात, असं काहीबाही कानावर यायचं. टेकडीखाली आमच्या बाजूला कोळीवाडा होता. खाडीपलीकडे मुसलमानांची वस्ती होती. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर जाणारे. पलीकडे कंदील हलला तरी पहाऱ्यावरचा आमचा संत्री ताठ व्हायचा. नमाजाला जाणारा माणूस कंदील घेऊनच जाणार, हे कळायला आम्हाला बरेच दिवस लागले.

पोस्टचे कमांडर सुभेदार माने. करड्या मिशा, कमी बोलणं. मागच्या महायुद्धात ते आफ्रिकेच्या वाळवंटात होते. माघार घेणाऱ्या शत्रूने विहिरींत मेलेली जनावरं टाकलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि ते पाणी प्यायलेले दोन सोबती पुरले होते. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी फॉल-इन घेऊन तीन हुकूम दिले. पाणी उकळून प्यायचं. लंगर, म्हणजे आमचा भटारखाना, सोडून कुठेही चूल पेटवायची नाही, कारण धूर समुद्रावरून दिसतो. आणि गावातून शिजवलेला एक घासही घ्यायचा नाही.

शेवटचा हुकूम पाळणं आम्हाला जड गेलं नाही. आम्ही सगळे घाटावरचे, माण, खटाव, फलटणकडचे. बोकडाची मुंडी, वजडी, रक्ती आम्ही चाटूनपुसून खाणारे. पण कोळंबी दिसली की "अळी" म्हणायचो आणि खेकडा दिसला की "किडा". कोळीवाड्यातली पार्वती नावाची बाई टोपली घेऊन टेकडी चढून यायची. माल ताजा असायचा, चांदीसारखा. आमचे जवान नाकाला रुमाल लावून उभे राहायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, "नको तं नको घेव, दादा. पन नाक कशापायी दाबताव? मी काय मेलेला कुत्रा आणलाय व्हय?"

सगळ्यांत जास्त नाक दाबायचा शिपाई आनंदा पिसाळ. दहिवडीकडचा, एकवीस-बावीस वर्षांचा, सडपातळ पोरगा. नेमबाजीत चांगला, चालण्यात सगळ्यांच्या पुढे. पण जेवणाच्या बाबतीत म्हातारीपेक्षा सोवळा. माशाचे डोळे उघडे असतात म्हणून तो ताटाकडे बघायचाही नाही. "मेल्यावर बी बघतंय बघा," म्हणायचा. लंगरात ज्या पळीने सुकट ढवळली त्या पळीने वाढलेलं वरण त्याला चालायचं नाही. घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी होती तोवर त्याचं बरं चाललं होतं. ती संपल्यावर तो कांदा-भाकरीवर आला.

त्याच्या अगदी उलट लान्स नायक शिवराम भोइटे. हाही आमच्यासारखाच घाटावरचा, फलटणजवळचा. पण नागा टेकड्यांत दोन वर्षं काढून आलेला. तिथे त्याने बेडूक खाल्ले होते, रेशमाचे किडे खाल्ले होते, आंबवून कुजवलेलं सोयाबीन खाल्लं होतं. इथे आल्यावर त्याने पहिल्या आठवड्यात जवळा, बोंबील आणि शिंपल्यांतल्या तिसऱ्या उरकल्या. मग खडकावर फोडून कच्ची कालवं खाल्ली. चिखलात उड्या मारणारे निवटे खाल्ले, तेव्हा आमच्यातले दोघे उठून बाहेर गेले.

लोकांना वाटायचं भोइटेला भीती नाही, किंवा त्याच्या जिभेला चव नाही. दोन्ही खोटं. मी त्याच्या शेजारी झोपायचो, म्हणून मला त्याची रीत माहीत होती. कुठलाही नवा पदार्थ तो आधी दुसऱ्याच्या घरात बघायचा. घरातली पोरं तो खातात का, म्हातारी खाते का. साफ कसा करतात, काय काढून टाकतात, कशाबरोबर शिजवतात. हे सगळं विचारून घ्यायचा. मग घासभर खायचा आणि थांबायचा. दुसऱ्या दिवशी पोटभर. मी एकदा विचारलं, "वस्ताद, किळस येत नाही?"

"येते की," तो म्हणाला. "पहिल्या घासाला येतेच. पण समोरचा माणूस रोज खातोय आणि जिवंत हाय. मग आपलंच काय बिघडलंय, हे बघावंसं वाटतं."

आम्हाला पदार्थाची शंका यायची, कारण तो करणाऱ्या माणसाची शंका होती. भोइटे आधी माणूस बघायचा. सुभेदार साहेबांना त्याचं हे वागणं पसंत नव्हतं. हुकूम शिजवलेल्या अन्नाचा होता आणि भोइटे मासळी कच्ची विकत आणून लंगरात शिजवायचा. त्यामुळे त्यांना काही बोलता यायचं नाही.

पावसाने जाता जाता एक तडाखा दिला. आमच्या बाजूच्या रस्त्यावरचा साकव, ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला आणि रेशनची गाडी अडकली. भाजी संपली, कांदे संपले. लंगरात डाळ आणि सुकट, सुकट आणि डाळ.

अशात एका दुपारी खाडीपलीकडून होडी आली. होडीत हसन सारंग. साठीचा माणूस, पांढरी दाढी, कमरेला चौकड्यांची लुंगी. उभी हयात मालाच्या बोटींवर सारंग म्हणून, खलाशांचा मुकादम म्हणून काढलेली. त्याच्या दोन मुलांनी एक मोठा टोप उचलून टेकडीवर आणला. वर फडकं बांधलेलं.

सुभेदार साहेब बाहेर आले. "हे काय?"

"नियाज आहे, साहेब, अल्लाच्या नावानं वाटायचं," सारंग म्हणाला. "मधला पोरगा बोटीवर होता. लढाई लागली तवापास्ना खबर नव्हती. काल सलामत घरी आला. गावात सगळ्यांना वाटलं, तुमच्याकडं पण आणलं. सांदण आहे. तांदूळ, नारळाचं दूध, गूळ. गोश्त मुद्दाम नाय आणलं. तुमाला शंका नको."

"आम्हाला बाहेरचं खायची परवानगी नाही."

"तुमी खावा, नको खावा. घरात परत नेता येत नाय, नियाजचं आहे. टोप सकाळी नेतो."

तो सलाम करून उतरला. टोप लंगरच्या ओट्यावर राहिला. वेलचीचा वास सगळ्या चौकीत पसरला होता. कुणी जवळ गेलं नाही. एक म्हणाला, बोटीवरून आलेला पोरगा कुठल्या बंदरातून आला ते विचारा आधी. दुसरा म्हणाला, नेमकं आजच कसं सुचलं यांना? साहेब आत गेल्यावर भोइटेने फडकं सोडलं, दोन सांदणं खाल्ली आणि ड्युटीवर खालच्या धक्क्यावर गेला. त्याला बघून शिपाई मारुती कदमने अर्धं तोडून तोंडात टाकलं. मी हात लावला नाही. फडकं परत बांधलं गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, स्टँड-टूला, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन उभं राहायच्या वेळी, आनंदा आणि मारुती उभे राहिले नाहीत. दोघांना उलट्या आणि जुलाब. मारुती कण्हत होता. आनंदाचे डोळे खोल गेले होते, हातापायांत गोळे येत होते. मीठ-साखरेचं पाणी दिलं, तेही पोटात राहिलं नाही.

सुभेदार साहेबांनी मारुतीला विचारलं, "काल काय खाल्लंस?"

मारुती म्हणाला, "थोडं सांदण, साहेब."

साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी आनंदाकडे बघितलं. आनंदाने मान फिरवली. साहेबांनी त्याचा अर्थ हो असा घेतला. माझ्याकडे वळून म्हणाले, "सेट लाव."

मी सेट लावला. "दोन जवान आजारी. हालत खराब. विषबाधेचा संशय. ओव्हर."

"विष कुणी दिलं? ओव्हर."

मी साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पलीकडच्या गावातून अन्न आलं होतं. तेवढंच सांग." मी तेवढंच सांगितलं.

"रॉजर. पोलिसांना कळवतो. आजारी जवानांना दवाखान्यात हलवा. ओव्हर."

"रस्ता बंद आहे. ओव्हर."

"मग पाण्याने हलवा. आउट."

पाण्याने म्हणजे खाडी ओलांडून. पलीकडच्या काठावरून श्रीवर्धनचा रस्ता चालू होता. पण खाडीला उधाण होतं, वारा उलटा होता. कोळीवाड्यातल्या मोठ्या होड्या पहाटेच मासेमारीला बाहेर पडल्या होत्या. दोन आजारी माणसं आडवी घालून नेण्याजोगी होडी त्या वेळी एकच होती आणि ती हसन सारंगाची होती.

आणि त्याच वेळी सारंग टोप न्यायला आला.

त्याला काहीच माहीत नव्हतं. तो हसत वर चढला. दोन रायफली त्याच्यावर रोखल्या गेल्या. तो जागीच थांबला. दोन्ही हात त्याने आपणहून बाजूला केले.

"टोपात काय घातलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"काल सांगितलं ना साहेब. तांदूळ, नारळ, गूळ, वेलची."

"आणखी?"

"आणखी काय असायचं?"

"माझे दोन जवान मरायला टेकलेत."

खाली त्याच्या होडीपाशी त्याची मुलं उभी होती. काहीतरी बिघडलंय हे त्यांना कळलं असावं. ती चढायला लागली. आमच्या संत्र्याने बोल्ट ओढला. तो आवाज मला अजून आठवतो. कुणाचं तरी बोट जरा आवळलं असतं तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. सारंगानेच ओरडून मुलांना खाली थांबवलं.

भोइटे पुढे आला. "साहेब, सगळ्यांत जास्त मी खाल्लंय. मी उभा हाय."

"तुझं पोट दगडाचं आहे," साहेब म्हणाले. "तू काहीही पचवतोस."

भोइटेने ओट्यावरचा टोप आणला, फडकं सोडलं आणि उभ्याउभ्या एक सांदण खाल्लं. मग दुसरं. सारंगाने हात पुढे केला. "मला पण दे." भोइटेने दिलं. दोन रायफलींच्या मध्ये उभा राहून तो म्हातारा आपल्या घरचं सांदण खाऊ लागला. त्याने सगळं संपवलं.

साहेब म्हणाले, "याने काही सिद्ध होत नाही. वरचं चांगलं आणि खालचं वाईट असू शकतं. बसवा याला." सारंगाला भिंतीला टेकवून बसवलं. होडीचा विषय निघाला तेव्हा साहेबांनी साफ नकार दिला. "ज्याने विष दिल्याचा संशय आहे त्याच्या होडीत माझी पोरं घालू? भर खाडीत उलटवली तर?"

ते चुकीचं बोलत होते असं तेव्हा आमच्यातल्या कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. मी सेटजवळ बसून पोलिसांची वाट बघत होतो.

भोइटे आत गेला आणि आनंदाच्या उशाशी बसला. मी दारातच होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"आनंदा, तू सांदण खाल्लं न्हाईस. मला म्हाईत हाय. तू पाणीसुद्धा त्यांच्या हातचं प्यायचा न्हाईस. मग काय खाल्लंस?"

आनंदाने तोंड भिंतीकडे केलं.

"अरे, मी बेडूक खाल्लेला माणूस. मला सांगायला काय लाजतोस?"

आनंदा म्हणाला, "अळंबी."

"कुठली?"

"मागच्या उताराला. आमच्या माळावर अगदी हीच असत्यात, वस्ताद. आई मीठ-मिरची लावून करती. डाळीला कंटाळलो हुतो. मेस टिनमधी भाजली. मारुतीला बी दिली थोडी."

"मला का न्हाई विचारलंस?"

"तुमी धक्क्यावर हुता." मग हळूच म्हणाला, "साहेबांना सांगू नगासा. चूल पेटवली म्हणून क्वार्टर गार्डला कोंडतील."

भोइटे उठला आणि त्याने तडक बाहेर जाऊन साहेबांना सांगितलं. मारुतीनेही मान डोलावली. सांदण खाल्ल्याचं साहेबांनी विचारलं तेवढं त्याने सांगितलं होतं. अळंबीचं सांगितलं असतं तर चुलीचं निघालं असतं. चौकीमागच्या खडकाआड राख सापडली. मेस टिन, त्याचं जेवणाचं डबडं, तिथेच होतं, तळाला पांढरे तुकडे चिकटलेले. उतारावर आणखी अळंबी उभी होती. पांढरीशुभ्र, दिसायला देखणी. मीही ओळखीची म्हणून तोडली असती. आमच्याकडे अगदी तशीच येतात.

जो पोरगा दुसऱ्याच्या पळीला भ्यायचा, तो ओळखीच्या दिसण्याला भुलला. कोकणातली अळंबी कुणी खातं का, हे त्याने खालच्या कोळणीलाही विचारलं नव्हतं. विचारायचं तर बोलावं लागलं असतं, आणि आम्ही कुणाशी बोलतच नव्हतो.

सुभेदार साहेब ते मेस टिन हातात घेऊन थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी रायफली खाली करायला सांगितल्या आणि मला सेटवर कळवायला लावलं की विष गावातून आलेलं नाही, पोलीस नकोत. सारंगासमोर गेले. म्हणाले, "सारंग, होडी लागेल."

सारंग गुडघ्यावर हात टेकून उठला. "ओहोटी लागायच्या आत निघू या," एवढंच म्हणाला.

आम्ही दोघांना घोंगड्यांत घालून खाली नेलं. भोइटे आणि मी सोबत गेलो. सारंग सुकाणूवर बसला, मुलं वल्ह्यांवर. वाऱ्याने पाणी आत येत होतं. मी माझ्या मेस टिनने पाणी उपसत होतो. आनंदाला एकदा उलटी झाली ती सारंगाच्या पायावर. त्याने पाय हलवला नाही. हात सुकाणूवर ठेवून तो फक्त लाटा बघत होता. पलीकडे गावातल्या व्यापाऱ्याची मालाची गाडी तयार होती. ती कुणी सांगून ठेवली ते मला कळलं नाही. आजही ठाऊक नाही.

दवाखान्यात सलाईन लागलं. संध्याकाळपर्यंत दोघांच्या उलट्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी आनंदा उठून बसला. चेहऱ्यावर तरतरी आली. मी सेटसाठी पोस्टवर परतलो आणि "दोघं सुधारतायत" असा मेसेज दिला. सुभेदार साहेबांनी टोप स्वतः घासला. रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून रेशनची साखर घातली आणि एकटे, हत्यार न घेता, खाडीपलीकडे देऊन आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

भोइटे दवाखान्यातच थांबला होता. पुढचं मला त्याच्याकडून कळलं. आनंदा उठून बसला त्या दुपारी त्याला भूक लागली. सारंगाच्या घरून तांदळाची पेज आली होती, मिठाची, पातळ. डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलं. आनंदाने विचारलं, "कुणी केली?"

भोइटे म्हणाला, "सारंगाच्या बायकोने."

आनंदाने वाटीकडे बघितलं. मग भोइटेकडे बघितलं. "तुमी खाल्ली?"

"खाल्ली."

"चांगली हाय?"

"तू खाऊन बघ."

त्याने वाटी तोंडाला लावली. सगळी संपवली आणि म्हणाला, "घरच्यासारखीच लागती की."

त्यानंतरच्या सकाळी त्याचे डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी भोइटेला बाजूला घेऊन सांगितलं की या विषात असंच होतं. माणूस बरा झाल्यासारखा वाटतो आणि आत यकृत जळत असतं. थोडं आधी आणलं असतं तर, असं भोइटेने विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मारुतीने थोडीच खाल्ली होती. तो वाचला. आनंदा दुसऱ्या दिवशी गेला.

त्याला श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर अग्नी दिला. आम्ही सलामी दिली. लाकडं सारंगाच्या गावातून आली आणि कोळीवाड्यातूनही आली. पार्वती टोपली न घेता आली होती. ती लांब, बायकांत उभी होती.

आठवड्याने आनंदाचे वडील आले. धोतर, कांबळं, पायांत धुळीने भरलेल्या वहाणा. मुलाचं सामान त्यांनी कांबळ्यात बांधून घेतलं. रडले नाहीत. सुभेदार साहेबांनी घडलं ते सगळं सांगितलं. चुलीचं, अळंबीचं, सारंगाला बसवून ठेवल्याचं, होडीला उशीर केल्याचं. काही लपवलं नाही. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "जाताना उपाशी हुता का पोरगा?"

भोइटे म्हणाला, "न्हाई, बाबा. पेज खाल्ली हुती. वाटीभर."

"कुणाच्या घरची?"

भोइटेने खाडीपलीकडे बोट केलं.

म्हातारे उठले. "मग तिथं जाऊन येतो," म्हणाले. आम्ही त्यांना होडीने नेलं. सारंगाच्या अंगणात ते खाटेवर बसले. घरातल्या बाईने पाण्याचा तांब्या आणला आणि द्यावा की नको म्हणून उंबऱ्यातच थांबली. त्यांनी हात पुढे केला. पाणी प्यायले. "आणखी थोडं द्या," म्हणाले. सारंग त्यांच्या शेजारी बसला होता.

तोवर पंजाबातली लढाई थांबली होती. आमच्या पोस्टला शत्रूचं एकही जहाज दिसलं नव्हतं. एकही गोळी सुटली नव्हती. पलटणीच्या स्मारकावर त्या साली गेलेल्यांची नावं आहेत. त्यांत आनंदाचं नाव नाही, कारण तो गोळीने गेला नाही. म्हणून इथे लिहितो. शिपाई आनंदा पिसाळ, दहिवडीकडचा, चालण्यात सगळ्यांच्या पुढे. त्या लढाईत आमच्या तुकडीने गमावलेला तो एकटा.